म्हशींसाठी लेखाशीर्ष नाही

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत अकरा वर्षं काढल्यावर माझी बदली पर्यटन कक्षात झाली. लोक येतात, लोक जातात, आपण नोंद ठेवायची. दोन्ही कामांत साहेबांना एवढं साम्य दिसलं असावं. कुठल्या कचेरीत, ते लिहीत नाही. मला अजून पेन्शन लागायची आहे.

कक्ष म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवून ठेवलेले तीन फलक. त्यांवर 'कोल्हापूर आपले स्वागत करते' असं लिहिलेलं होतं. ते कुठे लावायचे यावर दोन विभागांचं एकमत झालं नव्हतं, म्हणून ते रोज सकाळी माझंच स्वागत करायचे.

कोल्हापूरला येणाऱ्या माणसाचं खरं तर आमच्यावाचून काही अडत नाही. तो देवीचं दर्शन घेतो, चपला बघतो, तांबडा-पांढरा ओरपतो आणि नाक पुसत गाडीत बसतो. रस्ता चुकला तर कुणीतरी "पावणं, कुठं जायाचंय?" म्हणून विचारतं आणि नुसतं सांगून थांबत नाही, आपली मोटरसायकल काढून पुढे चालू लागतं. एवढं सगळं आपोआप चाललेलं असताना आम्ही करायचं काय, हा प्रश्न होता. उत्तर वरून पत्राने आलं. शहराची वेगळी ओळख सांगणारं एक ठिकाण निवडा, ते विकसित करा आणि मार्चच्या आत निधी खर्च करा. शेवटची अट ठळक अक्षरांत होती.

बैठकीत साहेबांनी विचारलं, "वेगळं काय आहे आपल्याकडं?"

मी म्हणाले, "दूध कट्टा."

पुढे जे काही झालं त्याची सुरुवात माझ्या तोंडातून झाली, हे आधीच कबूल करते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या पेठेतल्या एका चौकात रोज सकाळी आणि संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहायच्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि पेला त्याच्या हातात द्यायचा, एवढाच व्यवहार. दूध अजून कोमट, फेस ओठावर. तालमीतून सुटलेला पैलवान, दवाखान्यातून सुटलेला पेशंट आणि कचेरीला निघालेला कारकून एकाच रांगेत उभे असायचे. कट्टा म्हणजे काळ्या दगडाचा जुना ओटा, खडबडीत, फटींत शेण बसलेलं. मी शाळेत असल्यापासून तिथे दूध पीत आले.

ओट्याच्या टोकाला एक आक्का उभी असायची. नवरा गेल्यापासून दोन म्हशी ती एकटीच सांभाळत होती. आडव्या हाडाची, डोक्यावर पदर, खांद्यावर कासरा. "आक्का, पाणी घातलंय का?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "घातलंय की. सकाळी, बादलीभर, म्हशीला." बाकीचे गवळी उरलेलं दूध डेअरीला घालायचे. ही घालत नव्हती. यंत्रात दूध ओतून कुणीतरी त्याची प्रत सांगावी, हे तिला मान्य नव्हतं. "माझ्या दुधाची परीक्षा मशीन घेनार व्हय?" त्यामुळे तिचं पोट पेल्यावर चालायचं, आणि पेला चालायला उभं राहायला जागा लागायची. जागा नसती तर तिच्याकडे दोन म्हशी असत्या, धंदा नसता.

काम मंजूर झालं आणि पुण्याहून आराखडा आला. रंगीत, गुळगुळीत कागदावर. ग्रॅनाइटचा ओटा, स्टीलचं रेलिंग, रंग बदलणारे दिवे, फोटो काढण्यासाठी एक पुतळा, आणि 'दुग्ध अनुभव केंद्र' नावाचा एक स्टॉल. चित्रात माणसं होती, झाडं होती, फुगेवालाही होता. म्हैस एकच होती. ती फायबरची.

मी तो कागद घेऊन आक्काकडे गेले. निदान दाखवावं तरी, म्हणून.

"आनि म्हस कुठं?" तिने विचारलं.

"इथं उभी राहील की."

तिने कागदावरून अंगठा फिरवला. "लई चकाकतंय."

"कागद चकाकतोय, आक्का."

"आनि दगड न्हाय चकाकनार?"

विचारून सांगते म्हणाले. विचारलं. बांधकाम विभागाचे अभियंते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "मॅडम, ग्रॅनाइट म्हटल्यावर पॉलिश आलंच. बिगरपॉलिशचा दगड बसवला तर लोक म्हणतील, मधले पैसे खाल्ले." आमच्याकडे कामाचा प्रामाणिकपणा असा तपासला जातो. ज्यात तोंड दिसतं ते काम चोख. मीही गप्प बसले. म्हशीचा मुद्दा मांडणं म्हणजे त्यांच्यावर आरोप केल्यासारखं झालं असतं.

काम चालू असेपर्यंत म्हशींना मागच्या बोळात 'तात्पुरती पर्यायी जागा' देण्यात आली. बाकीच्या गवळ्यांनी बोळ बघितला, मान हलवली आणि सगळंच दूध डेअरीला घालायला सुरुवात केली. आक्का एकटीच तिथे गेली. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीसमोर तिने खुंटे ठोकले.

उद्घाटन सकाळी दहाला होतं, म्हणजे पाहुणे साडेअकराला आले. फोटोसाठी म्हैस हवी होती, म्हणून आक्काला निरोप गेला होता. तिने म्हशीची शिंगं रंगवली, गळ्यात माळ घातली आणि आम्ही सांगितलं म्हणून सकाळची धार काढलीच नाही. पाहुण्यांसमोर काढायची होती ना. तट्ट भरलेल्या कासेची ती म्हैस सकाळी सहापासून साडेपाच तास उन्हात उभी होती. तिचा पर्यटनाचा अनुभव तिथूनच बिघडला असावा.

आमच्या लोकांनी ऐन वेळी ग्रॅनाइट धुऊन काढला. फीत कापली, टाळ्या वाजल्या, आक्काने म्हैस पुढे आणली. म्हशीने पुढचा पाय ओट्यावर ठेवला. तो सरकला. तिने तो मागे घेतला. एवढंच. त्यानंतर दोघांनी कासरा ओढला, दोघांनी मागून रेटलं, एका नगरसेवकाने लाडाने हाक मारली. ती जागची हलली नाही.

साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, हिला वर घ्या."

"साहेब, मी पर्यटनाला आहे," मी म्हणाले.

शेवटी पाहुणे फायबरच्या म्हशीशेजारी उभे राहिले. हातात पेला होता. त्यातलं दूध स्टॉलमधलं, पिशवीचं. पर्यटकांना न तापवलेलं दूध देऊ नये असा शेरा आरोग्य विभागाने आधीच मारून ठेवला होता, त्यामुळे दुग्ध अनुभव पिशवीतूनच द्यावा लागणार होता. पाहुण्यांनी घोट घेतला आणि धारोष्ण दुधाची सर कशालाच नाही, असं भाषणात सांगितलं. चार पावलांवर खरी म्हैस उभी होती आणि तिच्या कासेतून दूध आपोआप ग्रॅनाइटच्या कडेवर ठिबकत होतं. तिकडे कुणी कॅमेरा वळवला नाही.

गर्दी पांगल्यावर आक्का म्हणाली, "माझी म्हस शानी हाय. ती काय साहेब हाय का, कुठंबी पाय ठिवाया?"

हे विनोदाने संपलं असतं तर बरं झालं असतं. पण कट्टा तयार झाला म्हणजे तात्पुरती जागा संपली. दुसऱ्याच आठवड्यात अतिक्रमण विभागाचा माणूस बोळात येऊन सांगून गेला की खुंटे काढा, आता तुमच्यासाठी एवढा खर्च करून ओटा बांधलाय. म्हणजे म्हैस जिथे उभी राहत नव्हती तिथे परवानगी होती, आणि जिथे उभी राहत होती तिथे नव्हती. खुंटे उपटले असते तर आक्काचा धंदा बसला असता.

ती थेट माझ्या टेबलापाशी आली. खुर्चीत न बसता म्हणाली, "ह्ये तू आनलंस. आता तूच निस्तर."

खोटं काय होतं त्यात? मी टिप्पणी लिहिली की ग्रॅनाइटला टाकी मारून तो खडबडीत करावा, म्हणजे जनावर घसरणार नाही. चार दिवसांत फाइल परत आली. लेखा विभागाने लिहिलं होतं: पर्यटन निधीतून पर्यटकांसाठीच खर्च करता येतो, म्हशींसाठी लेखाशीर्ष नाही. म्हणजे म्हशींवर खर्च टाकायला हिशेबात रकानाच नव्हता. मी खाली जाऊन विचारलं, मग कुणाकडे आहे? ते म्हणाले, पशुसंवर्धनकडे विचारा. पशुसंवर्धनचे गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, "म्हैस आजारी आहे का?" मी म्हणाले, नाही. "मग आम्ही काय करणार?"

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे काही झालं नाही. चांगली झोपले. सकाळी चहा करताना लक्षात आलं की म्हैस घसरून उपयोग नाही, पर्यटक घसरला पाहिजे.

माझी थोरली बहीण पुण्याला असते. मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त आहे. दरवर्षीसारखी ती आठवडाभर माझ्याकडे आली होती. बाहेरगावची, वय साठीच्या पुढे, वर आठवडाभर मुक्काम. कागदोपत्री यापेक्षा चांगला पर्यटक मिळाला नसता.

"ताई," मी म्हणाले, "तुला जरा घसरायचंय."

तिने वर्तमानपत्र खाली केलं. "कुठे?"

"दूध कट्ट्यावर."

"कितपत?"

"पडायचं नाही. नुसतं घसरायचं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहायचं."

"खोटं लिहायचं?"

"घसरल्यावर लिही ना. मग खोटं कसं?"

आम्ही सकाळी गेलो. नुकताच ओटा धुतला होता. ताई नाटक करायच्या तयारीने आली होती, पण तशी वेळच आली नाही. दुसऱ्या पावलाला तिचा पाय खरोखरच गेला आणि तिने माझा दंड असा धरला की वळ दोन दिवस राहिला. "अगं, हे काय बांधलंय!" ती ओरडली. मग स्टॉलवाल्याकडून वही मागवून तिने उभ्या उभ्या दीड पान लिहिलं. शाळेतल्या शेऱ्यांचा हात होता. ज्येष्ठ नागरिकांच्या जिवाशी खेळ, असं एक वाक्य होतं आणि त्याच्याखाली दोन रेघा.

तो अभिप्राय जोडून मी नवी टिप्पणी केली: 'ज्येष्ठ पर्यटकांच्या सुरक्षिततेसाठी पृष्ठभाग खडबडीत करणे.' आठ दिवसांत मंजुरी आली. काम त्याच ठेकेदाराला मिळालं. दगड चकचकीत करणारा तोच आणि चकाकी घालवणारा तोच. तो फार खूश होता. "मॅडम, अशी कामं दरवर्षी काढत जावा," म्हणाला. टाकी मारणारे कामगार पंधरा दिवस ठकठक करत होते. तोवर पुन्हा 'काम चालू आहे' झालं, म्हणून आक्काच्या बोळाला मुदतवाढ मिळाली.

काम संपल्या दिवशी मी जरा टेचातच बोळात गेले. "चला आक्का. टाकी मारून घेतली."

ती आली. टाचेने दगड घासून बघितला, वाकून हात फिरवला. "झ्याक झालंय," म्हणाली.

"मग आणा म्हैस."

"म्हस येनार न्हाय. एक न्हाय आली की दुसरी बी न्हाय."

"का?"

"घसरलेली जागा म्हस इसरत न्हाय. तुमी मानसं इसरता."

माझा विश्वास बसला नाही. तीन दिवस प्रयत्न केला. पेंड दाखवली, रेडकू पुढे बांधलं. तिसऱ्या दिवशी म्हैस ओट्यावर चढली एकदाची, पण पान्हा चोरला. आक्का अर्धा तास सडाशी झटत होती, पेलाभरही दूध निघालं नाही. म्हशीला परत बोळात नेलं, गिरणीसमोर उभी केली, आणि चरवी भरेपर्यंत धार थांबली नाही. आक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तुला काय म्हनत हुतो?" आमच्याकडे बायकासुद्धा असंच बोलतात. पुण्याच्या ताईला अजून ते ऐकून हसू येतं.

एव्हाना गिऱ्हाईकही बोळाला सरावलं होतं. आणि गिऱ्हाइकाच्या मागोमाग पाहुणेही यायला लागले होते. लॉजवाले त्यांना सांगायचे, कट्ट्यावर नुसता फोटो काढा, दूध मागच्या बोळात प्या. ओटा रिकामा, दिवे रंग बदलतायत, स्टॉलवाला मोबाइल बघतोय, आणि मागे गिरणीसमोर बेळगावच्या नि पुण्याच्या गाड्यांतून उतरलेली माणसं पेला धरून उभी. एका सकाळी जीन्समधल्या एका गृहस्थांनी शंका काढली की न तापवता पिणं कितपत सुरक्षित. आक्का म्हणाली, "पावणं, ते रेडकू रोज पितंय. त्याला इचारा." त्यांच्या बायकोने हे मोबाइलवर टिपलं.

तीच चूक झाली. तो व्हिडिओ फिरत फिरत साहेबांकडे आला.

"मॅडम, हे कुठं आहे?" त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "आपल्या कट्ट्याच्या मागंच आहे की! एवढी माणसं तिथं जातात आणि आपला ओटा मोकळा. पाहणी करून अहवाल द्या. दुसरा टप्पा तिथं करता येईल." त्यांच्या डोळ्यांत मला ग्रॅनाइट दिसला.

संध्याकाळी फाइल घेऊन बोळात गेले. आक्काने फाइल आधी बघितली, मला नंतर. "आता हितं काय बसवनार हाईस?"

"काही नाही. लिहायला आलेय."

"लिवनं म्हंजेच बसवनं. मागच्या खेपेला बी तू नुसतं बोलली हुतीस."

मी गिरणीच्या पायरीवर बसले. अकरा वर्षं दाखले लिहिले, टिप्पण्या लिहिल्या, पण एवढा विचार कुठल्याच कागदावर केला नव्हता. लोक येतात असं लिहिलं तर दुसरा टप्पा. फार लोक येतात असं लिहिलं तर अतिक्रमणची गाडी. कुणीच येत नाही असं लिहिलं तर मग खुंटे कशाला, हा प्रश्न. तिन्ही वाटांनी आक्काच उठणार होती. पुढ्यात ती धार काढत होती, पाचसहा माणसं वाट बघत होती, आणि त्यांतलं एक लहान मूल म्हशीच्या शेपटीपासून स्वतःला वाचवत हसत होतं. शहराची वेगळी ओळख सांगणारं ठिकाण, असं जे पत्रात म्हटलं होतं, ते बहुधा हेच. त्यामुळे ते कागदावर येऊन चालणार नव्हतं.

मी लिहिलं: 'सदर बोळाची समक्ष पाहणी केली. जागा अरुंद असून पर्यटनदृष्ट्या विकासास वाव नाही. पाहण्यासारखे विशेष काही आढळले नाही. वाहतुकीस अडथळा नाही, तक्रार नाही. कट्ट्याच्या देखभालीच्या सोयीसाठी पर्यायी जागा चालू ठेवण्यास हरकत नाही.' कधीपर्यंत, ते लिहिलं नाही. आमच्या कचेरीत मुदत घातलेली गोष्ट संपते आणि मुदत नसलेली कायम होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "मग व्हिडिओत एवढी गर्दी कशी?"

"बोळ अरुंद आहे, साहेब. चार माणसं उभी राहिली तरी गर्दी दिसते."

"आणि पाहण्यासारखं काही नाही?"

"एक म्हातारी आहे आणि दोन म्हशी."

साहेब खुळे नाहीत. तेही इथलेच, हातकणंगल्याकडचे, त्यांच्या गोठ्यातही म्हशी असणार. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना घाम फुटला होता तो मी विसरले नव्हते, आणि बहुतेक तेही विसरले नव्हते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, सही केली आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "स्टॉलवाल्याला सांगा, निदान दिवे तरी वेळेवर बंद करत जा."

सकाळी कचेरीला जाताना बोळात गेले. आक्का दुसऱ्या म्हशीखाली बसली होती.

"काय लिवलंस?" तिने मान वर न करता विचारलं.

"इथं बघण्यासारखं काही नाही, असं लिहिलं."

"आनि सायबानं?"

"सही केली."

तिने धार थांबवली नाही. चरवी भरली, पेल्यात दूध ओतलं, माझ्या हातात दिलं. दूध कोमट होतं, फेस काठावर आला होता. आभार वगैरे आमच्या पेठेत कुणी मानत नाही, आणि मला त्याची अपेक्षाही नव्हती. मी पहिला घोट घेतला.

"तितं मधी हुबी राहू नगंस," आक्का म्हणाली. "जरा सरक. मागं पावणं थांबल्यात."